मोडी कळफलकाच्या वेबसाइटसाठी सीएमएस (म्हणजे साइटवरचा मजकूर सांभाळायचं साधन) कोणता घ्यावा? (वर्डप्रेस सोडावं का?)

पलसीकरवाला (इंदूर) · शनिवार, सकाळी ९.१२

राम राम मंडळी.

पोहे-जिलबी झाली आहे, डोकं जरा थाऱ्यावर आहे, तेव्हा धागा काढूनच टाकतो.

आम्ही पाच-सहा जण मिळून मोडी टायपिंगचा एक कळफलक चालवतो. मुक्त स्रोत आहे. कुणीही घ्यावा, बदलावा, वाटावा. सोबत मोडी शिकायचे धडे आहेत, ते आमच्या काकू लिहितात. काकू म्हणजे निवृत्त शिक्षिका, वय ६८. दर रविवारी सकाळी घरच्या हॉलमध्ये वर्ग घेतात. होळकरांच्या काळातल्या कागदांच्या झेरॉक्स पोरांपुढे टाकतात आणि म्हणतात, "वाच. अडलास की सांग. लगेच नको सांगूस."

वेबसाइट २०१३ची, वर्डप्रेसवर, शेअर्ड होस्टिंगवर. ज्यानं बनवली तो नोकरीसाठी गेला, परत आला नाही. आता तीन दुखणी आहेत.

पहिलं. गेल्या महिन्यात एका विद्यार्थ्यानं सांगितलं की गूगलवरून आपली साइट उघडली तर जुगाराचं पान येतं. मी पत्ता टाइप करून उघडली तर साइट ठणठणीत. दोन दिवस मी त्याच्याच फोनला दोष देत होतो. मग कळलं, गूगलवरून येणाऱ्यालाच तेवढं दुसरीकडे ढकलायचं अशी सोय कुणीतरी करून ठेवली होती. फोटो गॅलरीचा एक प्लगइन तीन वर्षं अपडेट केलेला नव्हता, तिथून शिरले असावेत. होस्टिंगवाल्यांना फोन केला तर म्हणाले, "सर, आपण प्रीमियम सिक्युरिटी पॅक घेऊन टाका." घेऊन टाका!

दुसरं. लेखात खरं मोडी अक्षर टाकलं की लेख सेव्हच होत नाही. म्हणून इतकी वर्षं मोडीची चित्रं करून डकवतो. मोडी कळफलकाच्या साइटवर मोडी टाइप करता येत नाही, ही गोष्ट काकू वर्गात विनोद म्हणून सांगतात. मला हसू येत नाही.

तिसरं. दुवे तुटतात. "मोडी कळफलक लिनक्सवर कसा बसवावा" या पानाचा पत्ता "कसा-ब" इथेच संपतो. व्हॉट्सॲपवर पाठवला तर टक्के आणि आकड्यांची दोन ओळींची रांग दिसते. लोकांना वाटतं व्हायरस आहे.

पानं साधारण ३००. मराठी, हिंदी, इंग्रजी हव्यात. पैसे जवळपास शून्य. वर्डप्रेसच नीट करावं, ड्रुपल घ्यावं, की ते नवीन पोरं म्हणतात तसं स्टॅटिक काहीतरी?

---

फाटका_पतंग (पुणे) · शनिवार, सकाळी ९.४०

वर्डप्रेसवर पोट भरतो, त्यामुळे बाजू घेणार हे आधीच कबूल.

तुमच्या तीन दुखण्यांपैकी एकही सीएमएस बदलण्याएवढं मोठं नाही.

मोडीचं आधी. वर्डप्रेस मजकूर ठेवतं त्या मायएसक्यूएल डेटाबेसमध्ये ज्याला नुसतं "यूटीएफ-८" म्हणतात ते एका अक्षराला तीनच बाइट देतं. देवनागरी तीन बाइटांत बसते, म्हणून कुणाच्या लक्षात येत नाही. मोडीला युनिकोडमध्ये २०१४ साली, ७.० आवृत्तीत जागा मिळाली, पण ती वरच्या मजल्यावर. तिथलं प्रत्येक अक्षर चार बाइटांचं. तुमची टेबलं २०१३ची, तीन बाइटवाली. चार बाइटवाल्या "एमबी४"मध्ये बदलून घ्या. आधी बॅकअप, मग अर्ध्या तासाचं काम. २०१५च्या ४.२ आवृत्तीपासून वर्डप्रेस स्वतःच ही टेबलं तशी करून घेतं, पण सर्व्हरवरचं मायएसक्यूएल जुनं असेल तर तसंच सोडून देतं. तुमचं तेच झालेलं दिसतंय.

दुव्यांचं गणितही साधं आहे. वर्डप्रेस पानाच्या पत्त्याला २०० अक्षरांची जागा ठेवतं. पण देवनागरीचं एक चिन्ह त्या टक्केवाल्या लिपीत ९ जागा खातं. टक्का, ई, शून्य, टक्का, ए, चार... असं. काना, मात्रा, अनुस्वार प्रत्येक वेगळा मोजायचा. म्हणजे फार तर २२ चिन्हं, की कात्री. तुमचं शीर्षक मोजून बघा, "ब"पर्यंत २१ चिन्हं आणि शब्दांमधल्या चार आडव्या रेघा, मिळून १९३ जागा. पुढचं चिन्ह बसतच नाही. उपाय एकच, पत्ता रोमनमध्ये हातानं लिहायचा.

आणि हॅक वर्डप्रेस झालं नाही, तीन वर्षं न बघितलेला प्लगइन झाला. छोटे सुरक्षा अपडेट २०१३च्या ३.७ पासून आपोआप बसतात. प्लगइन मोजून चार ठेवा.

---

सर्व्हरची_आई (इंदूर) · शनिवार, सकाळी १०.२५

पतंगराव, गणित आवडलं. पण "प्लगइन मोजून चार ठेवा" हे कोण बघणार? ज्यानं साइट केली तो गेला. पुढचाही जाईल. मुलं मोठी होतात, नोकऱ्या लागतात, लग्नं होतात, कुणी हैदराबादला कुणी टोरंटोला. पगारी माणूस नसलेल्या प्रकल्पात "कुणीतरी लक्ष ठेवेल" हे वाक्य मी सतरा वेळा ऐकलंय आणि सतरा वेळा रात्री उठून सर्व्हर मीच बघितलाय.

पलसीकरवाले, इंदुरी माणसाला समजेल असं सांगते. वर्डप्रेस म्हणजे गिऱ्हाईक आलं की कांदा चिरायला घ्यायचा. दर वेळी पीएचपी (वर्डप्रेस ज्या भाषेत लिहिलंय ती) जागं होतं, डेटाबेसला विचारतं, पान शिजवतं, वाढतं. स्टॅटिक म्हणजे राजवाड्याजवळची पोह्यांची गाडी. पहाटे एकदाच करून ठेवायचे, खालून वाफ चालू, आला की प्लेट हातात. शिजवण्याचं काम तुमच्या लॅपटॉपवर होतं, सर्व्हरवर नुसत्या तयार फाइली. तिथे पीएचपी नाही, डेटाबेस नाही, लॉगिनचं पान नाही. शिरणारा शिरणार कुठून? फार तर तुमच्या खात्याचा पासवर्ड चोरेल. दोन टप्प्यांचं लॉगिन लावा.

माझं मत ह्यूगो. २०१३पासून आहे, गो भाषेत, अख्खं साधन म्हणजे एकच फाइल. डाउनलोड करा, चालवा. जेकिल त्याहून जुनं, २००८चं, पण रूबी ही भाषा आणि तिची जेमं (जोडसंच) सांभाळणं म्हणजे वेगळा संसार. एकाहून जास्त भाषा ह्यूगोत मुळातच आहेत. कुबरनेटीस या मोठ्या मुक्त स्रोत प्रकल्पाची वेबसाइटसुद्धा २०१८ साली जेकिलवरून ह्यूगोवर गेली, आणि भाषांतरांची सोय हे त्यामागचं एक मोठं कारण होतं. वर्डप्रेसच्या गाभ्यात एकच पान तीन भाषांत ठेवायची सोय आजही नाही, त्यासाठी पुन्हा प्लगइनच लागतो. म्हणजे तुमच्या चारातला एक तिथेच गेला.

---

रावपुऱ्यातून (वडोदरा) · शनिवार, सकाळी ११.०३

ड्रुपलचं नाव निघालंय म्हणून.

इथल्या एका संस्थेचं ड्रुपल ७ मी आठ वर्षं सांभाळलं. वाईट नव्हतं. ज्या कामासाठी आहे त्या कामाला त्याच्यासारखं नाही. हस्तलिखितांची सूची असेल, प्रत्येक नोंदीला शक, दरबार, गाव, लिपी, लेखक असे वीस रकाने असतील, पाच जणांना वेगवेगळे अधिकार द्यायचे असतील, तर ड्रुपलच. बहुभाषाही गाभ्यातच आहे, आठव्या आवृत्तीपासून.

पण सातवरून आठवर जाणं म्हणजे अपडेट नव्हे, घर बदलणं. २०१५ला आठ आलं, आतून सगळं सिम्फनी या पीएचपीच्या सांगाड्यावर नव्यानं बांधलेलं. आम्ही "पुढच्या वर्षी करू" म्हणत राहिलो. ५ जानेवारी २०२५ला सातचा आधार अधिकृतपणे संपला, तरी आम्ही पुढच्या वर्षीच करणार होतो. शेवटी एका उन्हाळ्यात मी आणि एक इंटर्न, दोघांनी बसून १,१०० नोंदी हलवल्या. सूरसागरच्या काठावर बसून सेव-उसळ खाताना इंटर्न म्हणाला, "सर, हे पुन्हा कधी?" मी विषय बदलला.

३०० पानं, पाच माणसं, पैसे नाहीत. ड्रुपल नको. लग्नाच्या हॉलमध्ये बारसं करू नये.

अवांतर: जूमला या आणखी एका सीएमएसबद्दल कुणी विचारलं नाही, तरी सांगतो. २००५ साली मँबो या जुन्या सीएमएसमधून फुटून निघाला तेव्हा नाव स्वाहिलीतल्या "जुम्ला"वरून ठेवलं, अर्थ "सगळे मिळून". तोच अरबी शब्द आपल्याकडे वेगळ्या रस्त्यानं आला आणि अलीकडे त्याचा काय अर्थ झालाय ते तुम्हाला माहीत आहेच.

---

लष्करवाला (ग्वाल्हेर) · शनिवार, दुपारी १.५०

स्टॅटिकला +१, पण डोळे उघडे ठेवून. आमच्या इथे एका छोट्या प्रकल्पाचं मॅन्युअल आम्ही एमकेडॉक्स या स्टॅटिक साधनावर मराठीत केलं. दिसायला एक नंबर. मग खरी गंमत सुरू झाली.

प्रत्येक उपशीर्षकाला ते आपोआप एक खूण देतं, म्हणजे थेट त्या परिच्छेदाचा दुवा देता येतो. मूळ सेटिंगमध्ये रोमन नसलेलं सगळं ते फेकून देतं. मराठी शीर्षकातलं काहीच उरत नाही, म्हणून खुणा होतात "एक", "दोन", "तीन". मध्ये एक शीर्षक वाढवलं की पुढचे सगळे दुवे एकानं सरकतात. कुणाला "पायरी चार बघ" म्हणून दुवा पाठवला, तो पाचवर उतरतो.

मग युनिकोडवालं सेटिंग लावलं. "मराठी"ची खूण झाली "मरठ". काना गेला, वेलांटी गेली. पायथॉनच्या नियमात अक्षर म्हणजे अक्षर. काना-मात्रा त्याला अक्षर वाटतच नाहीत. "किती"चं "कत". आता हे बाराखडी शिकवायच्या साइटवर!

शोधाचंही तेच. त्यातल्या शोधयंत्राचं मूळ वागणं असं की शब्दाच्या दोन्ही टोकांचं "अक्षर नसलेलं" छाटायचं, आणि अक्षर म्हणजे ए ते झेड. देवनागरी शब्द पूर्णच छाटला जातो. तीन दिवस आम्हाला वाटत होतं की मराठीत शोधलं की काही मिळत नाही कारण आम्ही फार कमी लिहिलंय.

तात्पर्य काढत नाही. एवढंच सांगतो, कोणतंही साधन घ्या, आधी "दुसऱ्या", "क्ष", "ज्ञ", "किंमत" असे शब्द शीर्षकात घालून बघा.

---

सर्व्हरची_आई · शनिवार, दुपारी २.१०

लष्करवाले, "मरठ" 😂 हे जपून ठेवणार.

शोधासाठी पेजफाइंड बघा. पानं तयार झाल्यावर त्यांच्यावरून सूची बांधतो, सर्व्हर लागत नाही. पानाच्या भाषेची खूण बघून भाषावार वेगळी सूची करतो. मराठीचे प्रत्यय त्याला कळत नाहीत, म्हणजे "कळफलकावर" शोधलं तर "कळफलक" आपोआप सापडेलच असं नाही, पण शब्द छाटून फेकत तरी नाही.

आणि हो, "दुसऱ्या"तला तो आडवा र दोन प्रकारे टाइप होतो. एक खालच्या टिंबाच्या ऱ पासून, एक साध्या र ला अदृश्य जोडचिन्ह लावून. डोळ्याला सारखाच, संगणकाला वेगळा. हे कुठलंच सीएमएस सोडवून देणार नाही. मजकूर चढवताना एकदा सगळं एका प्रकारात आणायची छोटी स्क्रिप्ट ठेवा.

---

अर्धविराम · शनिवार, रात्री ९.३५

सकाळपासून वाचतोय. बाइट झाले, प्लगइन झाले, पोहे झाले. एक प्रश्न कुणी विचारलेला दिसला नाही.

धडे काकू लिहितात ना? मग काकूंना विचारलं का?

मी एका नियतकालिकाचं काम बघतो. तिथे आमच्या तंत्रज्ञ मित्रांनी हौसेनं स्टॅटिक साइट करून दिली. सुंदर, वेगवान. पण लेखकानं गिट (फाइलींतला प्रत्येक बदल नोंदवणारं साधन) शिकावं अशी अपेक्षा. लेखक गिट शिकले नाहीत. त्यांनी लिहिणं कमी केलं. दीड वर्षात साइटवर तंत्रज्ञ मित्रांच्याच "नवीन आवृत्ती आली" अशा नोंदी उरल्या.

---

फाटका_पतंग · शनिवार, रात्री ९.४१

शंभर टक्के सहमत. म्हणूनच म्हणत होतो. वर्डप्रेसमध्ये काकू लॉगिन करतील, लिहितील, "प्रकाशित करा" दाबतील. संपलं.

---

सर्व्हरची_आई · शनिवार, रात्री ९.५८

स्टॅटिकवरही संपादक बसवता येतो. डेकॅप आहे, पूर्वी नेटलिफाय सीएमएस नाव होतं. फॉर्मसारखं पान दिसतं, लिहायचं, मागे फाइल गिटमध्ये जाते. फक्त लॉगिनसाठी मध्ये एक छोटी सेवा चालवावी लागते...

(आणि ती कोण चालवणार, हे तुम्ही विचारायच्या आत मीच विचारते. मीच.)

---

पलसीकरवाला · रविवार, संध्याकाळी ७.२०

अर्धविराम, तुमच्या प्रश्नानं रात्री झोप नीट लागली नाही. म्हणून आज वर्ग संपल्यावर काकूंकडेच थांबलो. चहा, चिवडा आणि माझा लॅपटॉप. त्यांना म्हटलं, "काकू, तीन गोष्टी करून बघायच्या. मी मदत करणार नाही." त्या म्हणाल्या, "म्हणजे मी वर्गात करते तसं." हो, तसंच.

वर्डप्रेसचा नवा संपादक. (तो ठोकळ्यांचा, २०१८ साली ५.० बरोबर आला तो.) त्यांनी आजवर तो कधी उघडलाच नव्हता, हे मला आज कळलं! दहा वर्षं त्या धडा फोनवर लिहून व्हॉट्सॲपवर पाठवतात आणि आमच्यातला कुणीतरी चढवतो. मला वाटायचं त्यांचं लॉगिन आहे. आहे, पासवर्ड कुणाला माहीत नाही. तर ठोकळे. त्यांनी अख्खा धडा डकवला, प्रत्येक परिच्छेदाचा वेगळा ठोकळा झाला. मधला एक परिच्छेद वर न्यायला गेल्या, तो चित्राच्या आत शिरला. "हे सारखं हलतंय," म्हणाल्या आणि लॅपटॉप माझ्याकडे सरकवला. सात मिनिटं.

डेकॅप. सर्व्हरच्या आईंनी रात्रीतून चाचणीपुरता उभा करून दिला, त्यांचे आभार. फॉर्म काकूंना आवडला, "हे प्रवेश अर्जासारखं आहे." पण लॉगिन करताना खिडकी उघडली, बंद झाली, पुन्हा उघडली. तिसऱ्यांदा त्यांनी चहा करायला उठणं पसंत केलं.

तिसरं म्हणजे गिटहबवरची (गिटमधल्या फाइली ठेवायच्या साइटवरची) साधी फाइल आणि बदल करायची ती पेन्सिल. हे होणार नाही असं मी धरूनच चाललो होतो. पेन्सिल दाबली, समोर साधा मजकूर. त्यांनी चष्मा वर केला, बघितलं आणि विचारलं, "हे दोन-दोन तारे कशाला?" म्हटलं, ठळक अक्षरांसाठी. "मग एकच टाका की. मी एकच टाकते."

मंडळी, मी दहा मिनिटं त्यांचा व्हॉट्सॲप वर-खाली करत होतो. दहा वर्षांचे धडे. प्रत्येक धड्यात नवीन शब्द एका ताऱ्याच्या आत, तिरपं करायला अधोरेषा, यादीला सुरुवातीला आडवी रेघ. बाई दहा वर्षं मार्कडाउनच (साध्या मजकुरात ठळक, तिरपं, याद्या दाखवायची पद्धत) लिहितायत! जॉन ग्रुबरनं २००४ साली साध्या ईमेलमधल्या सवयी बघूनच ते बसवलं होतं म्हणे, तर काकूंनी त्याच सवयी फोनवर उचलल्या. फरक एवढाच की व्हॉट्सॲपवर एका ताऱ्यानं ठळक होतं आणि इथे दोन लागतात, एकानं तिरपं होतं.

दुरुस्ती केली, खालचं हिरवं बटण दाबलं. मग विचारलं, "चूक झाली असेल तर?" मी इतिहास उघडून दाखवला, कोणत्या दिवशी कुणी कोणता शब्द काढला, कोणता घातला, लाल-हिरव्यात. त्या बराच वेळ बघत राहिल्या. मग त्यांचा एकच प्रश्न: "म्हणजे आठव्या धड्यातल्या 'श्री'ची वेलांटी कुणी खाल्ली ते सापडेल?"

ते मात्र सापडणार नाही, ते वर्डप्रेसच्या काळात झालं. (मी खाल्ली होती.)

---

अर्धविराम · रविवार, संध्याकाळी ७.४४

हे वाचून फार बरं वाटलं. मी चुकलो असं म्हणत नाही, पण "लेखकाला गिट जमत नाही" यापेक्षा "लेखकासमोर पहिल्याच दिवशी काळी खिडकी उघडली" हे आमच्याकडे खरं कारण असावं.

---

लष्करवाला · रविवार, रात्री ८.१५

ताऱ्यांवरून एक इशारा. शब्दाला तारे लावून बाहेर प्रत्यय जोडला तर चालतं, म्हणजे तारे, मोडी, तारे, आणि चिकटून "त". पण ताऱ्यांच्या आत शेवटी अवतरणचिन्ह किंवा कंस असेल आणि बाहेर लगेच "त", "ला", "चा" आला, तर मार्कडाउनच्या नियमाप्रमाणे तो तारा बंद होतच नाही. पानावर तारेच दिसतात. इंग्रजीत प्रत्यय असे चिकटत नाहीत म्हणून त्यांना फारसं भोवत नाही. आपल्याला रोज भोवेल. काकूंना सांगा, अवतरणचिन्ह ताऱ्यांच्या बाहेर.

---

फाटका_पतंग · रविवार, रात्री ८.३०

ठीक. पांढरं निशाण. पण दोन गोष्टी लक्षात ठेवा.

ह्यूगोचा आवृत्तीचा आकडा इतकी वर्षं शून्यानंच सुरू होतो, आणि ते मधूनमधून जुन्या गोष्टी बंद करतात. थीम कुणा तिसऱ्याची असेल तर एक दिवस साइट बांधलीच जाणार नाही. तारीख कशी दाखवायची ते सांगायला "२ जानेवारी २००६" असं नमुन्यादाखल लिहावं लागतं, दुसरी कुठलीही तारीख चालत नाही. हे ज्याला माहीत नसेल तो एक दुपार घालवेल. मी घालवली आहे.

आणि जुने दुवे. ३०० पानांचे पत्ते बदलाल तर दहा वर्षांत लोकांनी जिथे जिथे डकवले तिथे सगळीकडे "पान सापडलं नाही".

---

सर्व्हरची_आई · रविवार, रात्री ८.५२

दोन्ही मुद्दे मान्य.

पहिल्यावर उपाय: ज्या आवृत्तीनं बांधलं तीच फाइल प्रकल्पात नोंदवून ठेवा, वर्षातून एकदा सवडीनं पुढची घ्या. वर्डप्रेसचं अपडेट टाळलं तर चोर येतो. ह्यूगोचं टाळलं तर काही होत नाही, तयार पानं तशीच उभी असतात. माझ्यासाठी निर्णय इथेच झाला. थीम स्वतःची लिहा, दहा-बारा फाइलींची. आणि पानाची भाषा "एमआर" अशी नीट नोंदवा. ज्या फॉन्टांत सोय आहे ते मग "ल" आणि "श" मराठी वळणाचे दाखवतात, हिंदीचे नाही. काकूंना लगेच दिसेल.

दुव्यांसाठी प्रत्येक पानाच्या डोक्यावर जुना पत्ता लिहिता येतो. ह्यूगो त्या जागी एक छोटं पान ठेवतो, ते नव्याकडे पाठवतं. वर्डप्रेसमधून सगळं एक्सएमएलमध्ये निघतं, त्यात जुने पत्ते असतातच. स्क्रिप्ट मी लिहून देते.

ठेवायचं कुठे? गिटहब पेजेस पुरेल. साइट १ जीबीपर्यंत, महिन्याला साधारण १०० जीबी वाहतूक. तुमची पानं त्याच्या आसपासही जाणार नाहीत. फक्त कळफलकाच्या इन्स्टॉलर फाइली पानांसोबत ठेवू नका, त्या रिलीजमध्ये ठेवा. एका कंपनीवर अवलंबून राहायचं नसेल तर कोडबर्ग या तशाच दुसऱ्या साइटवर आरसा (हुबेहूब प्रत) ठेवा. फाइलीच आहेत, उचलल्या की निघाल्या.

---

रावपुऱ्यातून · सोमवार, सकाळी ७.३०

रच्याकने, डोमेन कुणाच्या नावावर आहे?

---

पलसीकरवाला · सोमवार, सकाळी ८.०५

...

---

पलसीकरवाला · सोमवार, दुपारी १२.४०

जो नोकरीसाठी गेला त्याच्या. आणि ज्या ईमेलवर नोंद आहे तो त्याच्या कॉलेजचा, बंद पडलेला. मुदत अकरा आठवड्यांत संपते. रावपुऱ्यातून, तुमच्या पायाचं तीर्थ घेतो.

सकाळपासून चार जणांना फोन केले. त्याची आई रणजीत हनुमानाजवळ राहते, तिच्याकडून नंबर मिळाला. पोरगा भला आहे, लगेच बोलला, ओळखपत्र पाठवून ईमेल बदलून घेतो म्हणाला. डोमेन आता दोघांच्या ताब्यात राहील, आणि कुणाकडे काय आहे ते एका कागदावर लिहून काकूंच्या कपाटात. हसू नका. त्या घरात १९०० सालच्या पावत्या नीट आहेत.

तर ठरलं ते असं. ह्यूगो, स्वतःची थीम, पत्ते रोमनमध्ये, शोधाला पेजफाइंड. काकू पेन्सिलवर लिहितील, आमच्यातले दोघं बघून जोडतील. ज्या दिवशी त्यांना कंटाळा येईल त्या दिवशी त्या पूर्वीसारखं व्हॉट्सॲपवर पाठवतील आणि एका ताऱ्याचे दोन करायचं काम स्क्रिप्ट करेल. मोडीची चित्रं काढून खरी अक्षरं घालायला वर्गातली चार पोरं तयार आहेत, ४०-४५ धडे आहेत. हिंदीचं भाषांतर जसं होईल तसं.

पतंगराव, जुनी साइट बंद करायच्या आधी ते टेबलांचं तीन बाइट-चार बाइट करून घ्यावं का? की आता मरू दे?

---

फाटका_पतंग · सोमवार, दुपारी १२.५५

मरू दे. डेटाबेसची एक प्रत काढून दोन ठिकाणी ठेवा, मग खुशाल मरू दे.

---

काकू_इंदूर (नवीन सदस्य) · सोमवार, रात्री १०.१८

नमस्कार. मला या पानाचा दुवा वर्गातल्या एका मुलानं पाठवला.

मी ६८ वर्षांची नाही, ६६ची आहे. "श्री"ची वेलांटी कुणी खाल्ली ते मला तेव्हाच माहीत होतं. आठव्या धड्यात घोटाळा झाला त्या आठवड्यात एकच माणूस सराफ्यात रात्री दीडपर्यंत गराडू खात फिरत होता आणि सकाळी धडा चढवत होता.

लष्करवाल्यांचा अवतरणचिन्हाचा नियम वहीत लिहून घेतला आहे.

त्या "कसा-ब"चं काय करणार आहात? मुलं अजून तोच दुवा एकमेकांना पाठवतात. तो चालला पाहिजे.

---

पलसीकरवाला · सोमवार, रात्री १०.३१

काकू, चालेल. सगळ्यात आधी तोच चालू केलाय. "ब"सकट.